कुत्रागाडीचा सौदा

“शनिवारची बोट मला चुकवता येणार नाही. शुक्रवारपर्यंत जो जे देईल ते घेऊन मोकळी होईन,” मड्डम तिच्या शेजारणीला म्हणाली.

हे ती इंग्रजीत म्हणाली आणि माझ्यादेखत म्हणाली. मी व्हरांड्याच्या पायरीवर, तिच्या खुर्चीपासून चार हातांवर बसले होते. अंगावर नऊवारी लुगडं, नाकात नथ, हातात बाबांची छत्री. बोलता बोलता तिची नजर माझ्यावरून गेली आणि बागेतल्या कुंड्यांवरून जावी तशी पुढे गेली. मला काही कळत असेल अशी शंका तिला यायचं कारण नव्हतं. म्हणून तर मला आणलं होतं.

कल्याणच्या स्टेशनापलीकडे रेल्वेतल्या गोऱ्या लोकांचे बंगले एका ओळीत होते. हा शेवटून दुसरा. मड्डमेचा नवरा इंजिनांच्या कारखान्यात फोरमन होता, तो पावसाळ्याच्या शेवटी तापाने गेला. बंगला सोडायचा म्हणून तिने सामान विकायला काढलं होतं. खुर्च्या, कपाटं, पलंग आधीच गेले होते. भिंतींवर त्यांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या राहिल्या होत्या. आता गाडी आणि घोडी उरली होती.

गाडी म्हणजे दोन उंच चाकांची, हलकी, उघडी, दोघं पुढे आणि दोघं पाठीला पाठ लावून मागे बसतील अशी. साहेब लोक तिला डॉगकार्ट म्हणत. बसायच्या जागेखाली शिकारीचे कुत्रे ठेवायची पेटी असते म्हणून ते नाव. हे मी घरी समजावून सांगितलं आणि फसले. त्या दिवसापासून आमच्याकडे ती कुत्रागाडी झाली. आत्या म्हणाली, “अगं बाई! मग आमचा दादा बसणार कुठे, वर का पेटीत?” आई पदर तोंडाला लावून हसली, आणि बाबाही हसले, कारण गाडी घ्यायची हे त्यांचं ठरलं होतं.

कल्याणात या गाडीची ख्याती होती. फोरमन साहेब सकाळच्या मेलगाडीबरोबर शहाडपर्यंत ती पळवायचा आणि इंजिनावरचा ड्रायव्हर त्याला टोपी हलवून दाखवायचा, असं लोक सांगत. बाबा चुन्याचे आणि कौलांचे ठेकेदार. त्यांना कामावर लवकर पोचायला गाडी हवी होती, हे त्यांनी आईला सांगितलेलं कारण. खरं कारण ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. टेंभी नाक्याजवळ सरकारी डॉक्टरच्या टांग्याने बाबांच्या बैलांच्या दमणीला मागे टाकलं होतं, आणि डॉक्टरने वळून रामराम केला होता.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. साहेबांची पत्रं वाचायला घरात कुणीतरी हवं, म्हणून मला मिशनच्या शाळेत घातलं. माझं लग्न झालेलं होतं, पण नवरा मुंबईला कॉलेजात शिकत होता आणि मला सासरी न्यायला अजून वर्षभर अवकाश होता. घरी पाहुणे आले की म्हणत, “बोल बघू काहीतरी इंग्रजीत,” आणि मी स्वयंपाकघरात पळून जाई. वाचायला मला अडचण नव्हती. तोंड उघडायची मात्र अडचण मराठीतसुद्धा होती.

ठाण्याहून आगगाडीत बसल्यावर बाबांनी सांगितलं, “तू काही बोलायचं नाहीस. नुसती बस. त्या आपसात काय बोलतात तेवढं ऐक. काही कामाचं असलं, तर ऊन लागतंय म्हणून मला छत्री आणून दे.”

“बाबा, हे बरं दिसेल का?”

“त्यात काय? समोरच्याचा कागद उताणा पडला असेल तर वकील डोळे मिटून घेतो का?”

आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती हे कबूल केलं पाहिजे. मला आनंद झाला होता. न बोलता करायचं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दिलं होतं.

बाबांबरोबर आमच्या चुन्याच्या गाड्यांचा मुकादम आला होता. तो दिव्याकडचा आगरी. त्याने घोडीच्या पायांवरून हात फिरवला, मग आपलं काम नव्हे अशी मान झटकली. “शेट, बैल असता त डोले झाकून सांगितलं असतं. घोरीचा तुमी बघा. गारीचा मी बघतो.” बाबांनी घोडीचे दात पाहिले, कपाळावरचा भोवरा पाहिला; एकच होता, सरळ होता. मुकादमाने चाक धरून गदगदा हलवलं, प्रत्येक आऱ्यावर बोटाने टकटक करून कान लावला, कमानींच्या खाली डोकं घातलं. मग बाबांना पेरूच्या झाडाखाली नेऊन हळूच म्हणाला, “तीनशेला गावली त सोरू नका. मुंबयला कोन पन साडेतीनशे देल.”

मड्डमेने साडेतीनशेच सांगितले होते. बाबांच्या कशात, म्हणजे पैशांच्या पिशवीत, तीनशे होते. कल्याणला निघतानाच त्यांनी ठरवलं होतं, दोनशेपासून सुरू करायचं आणि तीनशेला थांबायचं. चांगली वस्तू, चांगला भाव. बाबा व्यवहाराला वाईट नव्हते.

तेवढ्यात मी ते शनिवारच्या बोटीचं ऐकलं.

मी उठले. छत्री घेऊन झाडाखाली गेले. खालमानेने सांगितलं, “शनिवारी बोट आहे तिची. शुक्रवारपर्यंत कुणी काहीही दिलं तरी घेणार म्हणतेय.”

बाबांनी छत्री उघडली आणि तिच्या सावलीत हसले. “शाब्बास, बाय! आज शाळेचं सार्थक झालं.” मुकादमही माझ्याकडे बघून म्हणाला, “पोर म्हंजे तार हापिस हाय.” माझे कान तापले. असं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं.

मी परत येऊन पायरीवर बसले. शेजारीण विचारत होती, “आणि दगडाचं काय?”

“तीनशे आले तर दगड,” मड्डम म्हणाली. “घडवणाऱ्याला सांगून ठेवलंय. नाव कोरायचं आणि वर्षं, बाकी काही नाही. नाही आले तर लाकडाचा क्रूस लावलाय तोच राहील.”

“लाकूड इथे दोन पावसाळे टिकत नाही गं. वाळवी खाते.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “मग तो कुठे आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही.”

ती रडत नव्हती. हातातल्या रुमालाच्या घड्या करत होती आणि मोडत होती.

बाबांनी झाडाखालून माझ्याकडे पाहिलं. भुवया उचलल्या, म्हणजे, आणखी काही?

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे, आणि आमच्या ओळखीतल्या सगळ्याच घरांत, मर्तिकाच्या सामानाचा भाव करत नाहीत. बांबू, मडकं, कापड, दुकानदार सांगेल ते द्यायचं. त्याच वर्षी शेजारच्या आजी गेल्या तेव्हा सामान आणायला बाबा गेले होते. दुकानदाराने उरलेले दोन आणे परत दिले तर बाबांनी ते उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाले, “याच्यात घासाघीस नसते रे.” माझ्यासमोर म्हणाले होते. तेव्हा मड्डमेला पैसे कबरीच्या दगडासाठी हवे आहेत एवढं मी सांगितलं असतं, तर बाबांचं तोंड तिथेच बंद झालं असतं. त्यांनी तीनशे मोजले असते, आणि वर नमस्कारही केला असता. हे मला पायरीवर बसल्या बसल्या ठाऊक होतं. आज सुचतंय असं नाही.

मी मान हलवली. काही नाही.

का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. शाब्बास हा शब्द अजून कानात होता, तो मला जाऊ द्यायचा नव्हता. दुसरं काही कारण मला सापडलं नाही.

बाबा व्हरांड्यात आले आणि मोडक्या हिंदुस्थानीत सुरुवात झाली. मड्डमेचं हिंदुस्थानी त्यांच्याहून मोडकं.

“बाई, देडसौ.”

“क्या? साडेतीन सौ बोला!”

“घोडी बुढ्ढी है. आठ बरस.”

“झूट! छे बरस. साहब बोला था, छे.”

बाबा मुकादमाकडे वळून मराठीत म्हणाले, “साहेब काय घोडीच्या बारशाला गेला होता?” मुकादम खो खो हसला. मड्डमेने शेजारणीला विचारलं, “ते का हसले?” शेजारीण म्हणाली, “सवय असते त्यांना.” मी खाली पायरीच्या फटीकडे बघत राहिले. तिथे मुंग्यांची रांग होती.

बाबा एकदा उठून फाटकापर्यंत गेले, छत्री मिटली, उघडली, परत आले. घेणाऱ्याने एकदा उठून जायचं असतंच. पण मड्डमेला ते ठाऊक नव्हतं. तिला ते खरंच निघाले असं वाटलं आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. तिचं ते अर्धं उठणं पाहून बाबांना सगळं कळलं. एकशेऐंशीवर सौदा ठरला.

ती गाडी पुढे चार वर्षं आमच्या दारात होती हे इथेच सांगून टाकते, म्हणजे काही उलटापालट झाली असेल अशी आशा कुणी ठेवू नये. मुकादमाने ती भिवंडीवरून हाकत आणली. डॉक्टरच्या टांग्याला बाबांनी तीनदा मागे टाकलं. आत्यासुद्धा तिच्यात बसून कोपिनेश्वराला जाऊन आली, पाय मात्र पेटीला लागू न देता. मला सासरी नेलं तेही स्टेशनापर्यंत त्याच गाडीतून. त्या सौद्याची गोष्ट बाबा जेवताना रंगवून सांगत आणि शेवटी माझ्याकडे हात करत: “आमची छत्री!” मी पानात बघून भात कालवत राही. दगडाचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात एकदा ओठांपर्यंत आलं होतं. पण त्यांना ते सांगून मी माझं ओझं त्यांच्या उशाशी ठेवलं असतं, दुसरं काय.

तर सौदा ठरला. बाबांनी कशातून एक रुपया काढून मड्डमेच्या तळहातावर ठेवला. “ये विसार.” तो घेतला की सौदा पक्का, मग देवही मोडू शकत नाही, असं आमच्यात मानतात. मड्डम त्या रुपयाकडे बघतच राहिली.

“हा मला एक रुपया का देतोय?” तिने शेजारणीला विचारलं. “हमालाला देतात तसा?”

शेजारणीलाही सांगता येईना. बाबा “पक्का, पक्का” म्हणत होते आणि मुकादम मुठीत मूठ धरून दाखवत होता. शेवटी तिने मूठ मिटली. बाबांनी उरलेले पैसे टेबलावर मोजले. कसा बांधून काखेत मारला. त्यात अजून एकशेवीस होते.

मड्डम पैशांकडे न बघता हळू आवाजात शेजारणीला म्हणाली, “मग लाकूडच.”

आणि माझी मान वर झाली.

मी ती मुद्दाम वर केली नाही. शाळेत कुणी आपल्या नावाने हाक मारली की होते तशी झाली. नेमक्या त्या शब्दाला झाली, आणि नेमकी तिच्याकडे झाली. तिने ते पाहिलं. तिने माझ्याकडे त्या सबंध सकाळीत पहिल्यांदा पाहिलं. तिचे डोळे माझ्या तोंडावरून बाबांनी टेकवून ठेवलेल्या छत्रीवर गेले, छत्रीवरून पेरूच्या झाडाकडे गेले, आणि मग बाबांकडे. एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येताना मला दिसत होती.

ती खुर्चीतून उठून पायरीपर्यंत आली. तिच्या काळ्या झग्याला कापराचा वास येत होता. ती वाकली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रागावली नव्हती. लहान मुलाला विचारावं तसं तिने अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत विचारलं, मला इंग्रजी येतं का.

“काय म्हणतेय गं ती?” बाबांनी मागून विचारलं.

वेळ होती. विसार दिला होता खरा, पण बाबा तिथे होते, कसा त्यांच्या काखेत होता, आणि मला दोन्ही भाषा येत होत्या. त्या बंगल्यात त्या दिवशी तशी एकटी मीच होते. एक वाक्य इंग्रजीत आणि एक मराठीत, एवढंच लागत होतं. मला दोन्ही वाक्यं तयार दिसत होती, पाटीवर लिहिल्यासारखी.

मड्डम वाट पाहत होती. मी उभी राहिले, पदर सारखा केला, आणि शाळेत शिकवलं होतं तसं, नीट, स्पष्ट उच्चारात म्हणाले, “नो, मॅडम.”