साडेतीन मीटर सरकलेली विहीर

आमच्या गच्चीवर वायरलेस ब्रॉडबँडचा अँटेना बसला तो माझ्या सहीने. मी सोसायटीचा सेक्रेटरी. कंपनीचा अर्ज आला, सभेत हात वर झाले आणि मी 'ना हरकत' लिहून दिलं. अँटेनाच्या खांबावर एक करडा डबा होता. त्यातून काय बाहेर पडतं, हे मी विचारलं नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी रोज पट्टीने मोजणारा मी, आणि त्या डब्याबद्दल एक प्रश्न नाही.

आठवड्याच्या आत रिक्षावाल्यांचे फोन सुरू झाले. "अंकल, तुमची बिल्डिंग मॅपमध्ये खाडीत दाखवतेय. होडी घेऊन येऊ का?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आमच्या कुंपणाला लागून सत्तरीच्या एका काकांची केळीची वाडी आहे. आमच्या उमेळे गावात अशा वाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. वाडीच्या कडेला त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर, आणि विहिरीपलीकडची जमीन एका बिल्डरने घेतलेली. त्याने सरकारी मोजणी लावली. काका मला म्हणाले, "तू आकड्यांचा मानूस. नुसता हुबा ऱ्हा."

मोजणी आता उपग्रहांवर चालणाऱ्या यंत्राने होते. काठीच्या टोकाला पांढरी तबकडी, हातात छोटा पडदा. मोजणीदार विहिरीच्या कठड्याशी थांबले. मी पडद्यावरचं वाचून सवयीप्रमाणे डायरीत लिहिलं: उपग्रह ७, फ्लोट.

"फ्लोट म्हणजे काय हो?"

"मशीन चालू आहे, सर. या भागात फिक्स येतच नाही. यावर चालतं."

चाललं. नकाशात विहीर बिल्डरच्या हद्दीत एक मीटर चाळीस सेंटिमीटर आत गेली. दोन दिवसांत तिच्याभोवती निळे पत्रे उभे राहिले.

"हीर चालत गेली काय रं?" काकांनी मला विचारलं. "माझ्या बापानं खनली तवापासून जाग्यावर व्हती."

पत्रे लागले तेव्हा त्यांच्या नातीचं लग्न वीस दिवसांवर होतं. त्यांच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत आपल्याच विहिरीवर जातात, घागर भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. चर्चमधला विधी दुसऱ्या दिवशी. त्या घरातली प्रत्येक मुलगी याच विहिरीच्या पाण्याने न्हाऊन लग्नाला उभी राहिली होती.

मी हद्दीच्या दोन जुन्या दगडांमध्ये दोरी ताणली आणि टेप लावला. विहीर काकांच्या हद्दीत दोन मीटर पंधरा सेंटिमीटर आत. म्हणजे कागदावर ती साडेतीन मीटरांहून जास्त सरकली होती. माझा मेहुणा रस्त्यांच्या कामावर सर्व्हेअर आहे. त्याला फोन करून डायरीतला शब्द वाचून दाखवला. तो म्हणाला, "फ्लोट म्हणजे मशीनचा अंदाज. फिक्स म्हणजे खात्री. फ्लोटवर आम्ही खुंटीसुद्धा ठोकत नाही. तुमच्या डोक्यावर काही बसवलंय का?"

गच्चीची किल्ली माझ्याकडेच होती. फोनवर उपग्रह मोजणारं ॲप घेतलं आणि विहिरीशेजारी पत्र्याला पाठ लावून उभा राहिलो. डबा चालू असताना सात. वॉचमनने बटण बंद केल्यावर चार मिनिटांत बावीस. परत चालू केला, आठ. हे तीन दिवस, रोज तीनदा केलं. तिसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली, "सेक्रेटरीसाहेब, मॅच बघू द्यायची नाही असं ठरवलंय का?"

मी आकड्यांचा तक्ता कंपनीच्या माणसापुढे ठेवला. त्याने तो उलटा धरला होता.

"सर, आमचं उपकरण मंजूर आहे. आणि उपग्रह तर वर असतात, आम्ही खाली."

"तुम्ही खाली आहात म्हणूनच. वरून येतो तो आवाज कुजबुजीएवढा, आणि तुमचा डबा कानाशी भोंगा लावून बसलाय."

"तुमची ना हरकत आहे ना, सर?"

होती. माझ्याच अक्षरात. त्या दिवशी मला कंपनीपेक्षा स्वतःचा संताप जास्त आला.

मोजणीच्या कार्यालयात म्हणाले, हरकत लेखी द्या. मी काकांकडून हरकतीचा अर्ज लिहून घेतला आणि सोबत माझी डायरी, तक्ता आणि एक निवेदन जोडलं: सदर डबा माझ्या सहीने बसला आहे. फेरमोजणीची तारीख मिळाली, लग्नानंतर नऊ दिवसांची. तोवर पत्रे काढायला बिल्डर तयार नव्हता. "कागद माझ्याकडे आहे," एवढंच तो म्हणाला. खरं होतं ते.

लग्नाच्या आदल्या दिवशी बँड पत्र्यांपर्यंत आला आणि थांबला. काकांनी पत्र्यावर हात ठेवला, वळले आणि बायकांना घेऊन आमच्या फाटकाशी आले. "तुज्या नळाचं दे. पानी ते पानी."

आमच्या नळाला टँकरचं पाणी येतं. मी घागर भरून दिली. ते कुठून आलंय हे विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

फेरमोजणीच्या दिवशी मी स्वतः गच्चीवर जाऊन बटण बंद केलं आणि ना हरकत मागे घेतल्याचं पत्र डब्यावर चिकटवलं. खाली आलो तेव्हा पडद्यावर उपग्रह तेवीस, फिक्स. विहीर काकांच्या हद्दीत, दोन मीटर बारा. मोजणीदार माझा टेप बघून म्हणाले, "तीन सेंटिमीटरचा फरक. चांगलं मोजलंत, सर."

संध्याकाळपर्यंत पत्रे निघाले. काकांनी बादली सोडली, ओंजळीतून एक घोट घेतला आणि उरलेलं पाणी केळीच्या बुंध्याला ओतलं. नवरी तेव्हा सासरी होती.