डायलवरचा तिसरा ठिपका

गल्लीच्या टोकाला, टायरवाल्याला लागून असलेल्या गाळ्यातल्या माणसाला सगळे ‘आरसा’ म्हणत. त्याने बफिंगच्या मशीनने घासून चमकवलेल्या बॉनेटमध्ये बघून लोक केस सारखे करत. बायको म्हणे, “आरसा कसला! घरी आल्यावर स्वतःचं तोंड धुवायची आठवण मला करावी लागते.”

मग एका सकाळी आरशाचा उजवा हात लुळा पडला. जीव वाचला, जीभ तर पहिल्यासारखीच तिखट राहिली, पण मशीन धरणं संपलं. धाकटा दीर म्हणाला, “वहिनी, गाळा भाड्याने देऊन टाका.” तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन शटर उघडलं. इतकी वर्षं ती तिथे गाड्या धूत आली होती. मशीन तेवढं कधी हातात आलं नव्हतं.

मशीनच्या डायलवरचे आकडे केव्हाच झिजले होते. आरसा वेग कानाने ओळखायचा. त्याला खुर्चीत बसवून तिने भंगारातल्या दारावर सराव केला आणि तो “बस्स!” म्हणेल तिथे डायलवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. एक पॉलिश पसरवायचा, एक ओरखडे काढायचा.

“मशीनला नटवतेस काय?”

“मला कधी नटवलं नाहीत, निदान त्याचं तरी नशीब उघडू दे.”

पहिलं गिऱ्हाईक आलं तेही मुख्याध्यापिका बाई. जुनी काळी गाडी, आणि काळ्या रंगावर माशी चालली तरी दिसते. “तुम्ही करणार?” म्हणत बाईंनी किल्ली दिली खरी, पण जरा जिवावर आल्यासारखी. या गाडीचा रंग बिघडला की गल्लीभर बोभाटा होणार आणि दिराचंच खरं ठरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बॉनेटच्या कडेला एक ओरखडा होता. दुसऱ्या ठिपक्यावर तो हलेना. ती इरेला पेटली आणि तिने डायल आणखी चढवला.

“थांब!” आरसा ओरडला.

तिने मशीन उचललं, पालथा हात रंगावर टेकवला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता. रंग जेमतेम वाचला होता.

“ही गाडी मीच कितीदा घासलीय. कडेला रंग पापुद्र्याएवढा उरलाय,” तो म्हणाला.

“मग कितीवर ठेवू?”

“निवू दे आधी. मग तू फिरव, मी ऐकतो.”

थोड्या वेळाने त्याने डोळे मिटले. “खाली... अजून... हं, इथेच. आणि हात सावकाश.”

मशीन कुरकुर न करता गुणगुणायला लागलं. ओरखडा विरत विरत केसाएवढा उरला. अजून एकदा फिरवावं म्हणून तिचे हात नुसते शिवशिवत होते. पण तिने आपणहून बटण बंद केलं.

संध्याकाळी बाई वाकून बघत म्हणाल्या, “थोडा दिसतोय हो अजून.”

“दिसतोय. तो काढायला गेले असते तर रंगही गेला असता.”

बाईंनी बॉनेटमध्ये बघत कपाळावरची बट मागे सारली. “भावाची गाडी पाठवते. पण हात तुम्हीच लावायचा.”

बाई गेल्यावर आरसा म्हणाला, “ती नेलपॉलिशची बाटली आण.”

जुन्या, पातळ झालेल्या रंगासाठीचा तिसरा ठिपका त्याने स्वतः दिला, डाव्या हाताने. ठिपका ओघळून भलताच मोठा झाला. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

“बिघडला. पुसू का?” त्याने विचारलं.

“हात तर लावून बघा!” ती म्हणाली.