शेठच्या खुंटीवरची किल्ली

कोणी सोनूबाईचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. कौतुक कशाचं, तर बाई सकाळी शिलाई मशीनवर बसली की सुट्टी होईपर्यंत उठत नाही. साकीनाक्याच्या आमच्या कपड्यांच्या कारखान्यात चंद्रप्रकाश शेठ नव्या पोरींना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचा, "काम शिकायचं तर हिच्याकडून शिका." मेल्याला लाज कशी ती नाही.

ती उठत नव्हती, कारण बायकांच्या संडासाची किल्ली शेठच्या केबिनमध्ये खुंटीवर असायची. कटिंगवाल्या पुरुषांच्या समोरून जायचं, सगळ्यांदेखत किल्ली मागायची आणि शेठ घड्याळाकडे बघून विचारणार, "पुन्हा?" दिवसात पहिल्यांदा गेलं तरी "पुन्हा?" सोनूबाई मानी बाई. जालन्याकडून आली, नवरा गेल्यावर एकटीच्या जिवावर लेकीला, सपनाला, कॉलेजात घातलं. असल्या माणसाकडे ती किल्ली मागणार होय? तिनं पाणीच सोडलं. घरून भरून आणलेली बाटली तशीच भरलेली परत न्यायची.

पुढे लघवीला आग व्हायला लागली. आम्ही सगळ्या शहाण्या म्हणालो, उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी. ती हसली. "लता, पाणी पिऊन जाऊ कुठं?" म्हणाली. अधूनमधून ताप यायचा, गोळी खाऊन कामावर यायची. एक दिवस हुडहुडी भरली आणि कमरेच्या वर हात दाबून ती मशीनवरच आडवी झाली. मीच तिला रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टर इरावतीबाईंनी विचारलं, "लघवी किती वेळ तुंबवता?"

"सुट्टी होईपर्यंत," सोनूबाई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याच पाठीवर हात ठेवून दाखवलं. बरगड्यांच्या खालच्या अंगाला, कण्याच्या दोन्ही बाजूंना, मुठीएवढ्या दोन किडन्या. अंगातलं सगळं रक्त दिवसभर पुन्हा पुन्हा त्यांच्यातून गाळलं जातं. कामाचं ते रक्तात परत जातं. उरलेली घाण आणि जादा पाणी म्हणजे लघवी. ती दोन बारीक नळ्यांतून थेंब थेंब मूत्राशयाच्या पिशवीत उतरते.

"पिशवी भरत आली की ती सांगते, ऊठ. तुम्ही उठत नाही. पाणीही पीत नाही, मग आत शिरलेले जंतू धुऊन जाणार कसे? ते तिथंच वाढतात आणि नळीतून उलटे वर किडनीत चढतात."

सोनूबाईला हे पुन्हा पुन्हा झालं होतं. सोनोग्राफीत दिसलं, तिची उजवी किडनी आकसली होती, ती आता भरून येणार नव्हती. डावी जपायची. "पाणी पीत राहा, लागली की लगेच जा. एवढंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

एवढंच, म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या अंगाचं रक्त गाळणाऱ्या किडनीला हवं काय, तर पाणी आणि एक उघडं दार. तेवढंही आम्हाला मिळू नये?

बरी होऊन सोनूबाई कामावर आली. शेठ खूश. "आली आमची नंबर वन." ती मशीनवर बसली. बाटली उघडून अर्धी प्यायली, जेवणाआधी उरलेली संपवली. माझे टाके चुकायला लागले. आज ही उठली नाही तर डावी किडनीही जाणार, हे मला कळत होतं.

शेवटी ती उठली. कटिंगवाल्यांच्या कात्र्या थांबल्या. केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "शेठ, किल्ली."

शेठनं सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. "पुन्हा?"

"पुन्हा कुठं, शेठ? सात वर्षांत पहिल्यांदा मागतेय."

त्यानं खाली बघत किल्ली दिली. ती जाऊन आली, पण किल्ली काही खुंटीला लावली नाही. माझ्या मशीनवर आणून ठेवली.

"लते, ऊठ," म्हणाली. "तुलाही कधीची लागलीय."