नेरचे ऐंशी अंश

बडनेऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि थंडी चांगलीच होती. पुढचा प्रवास एसटीने, नेरपर्यंत. माझा व्यवसाय असा आहे, की तो समजावून सांगता सांगता मलाच त्याची शंका येऊ लागते. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत जाऊन मी वाया जाणारी उष्णता शोधतो.

बसमध्ये शेजारी तांड्यावरचे (तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती) एक म्हातारे गृहस्थ होते. पायाशी तुरीच्या शेंगांची पिशवी होती.

"कोन्या खात्याचे?" त्यांनी विचारलं.

"खात्याचा नाही. कारखान्यात वाफ वाया जाते का, ते बघतो."

"अन् जात असली तं?"

"वाचवायला सांगतो."

त्यांनी थोडा विचार केला. "आमच्या घरी हे काम बुढी करते. भाताच्या गंजावरचं झाकन उघडं राह्यलं तं अख्ख्या तांड्याले आयकू येते." मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धी वेचून झालेली कपाशी होती. मधूनच तुरीच्या हिरव्या ओळी आणि पानं गळू लागलेला पळस. या मुलखात नजर अडवायला फारसं काही नाही, त्यामुळे कारखान्याचं धुराडं फार आधीपासून दिसतं आणि फार उशिरा जवळ येतं.

नेरच्या स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. गाडीवाल्याने विचारलं, "कमी का जास्त?" मी कमी म्हणालो. "पुन्याचे काय?" एवढंच तो म्हणाला आणि भरपूर ओतली. तिचा एक थेंब शर्टावर पडला. तो डाग घेऊनच मी कारखान्यात गेलो.

कारखाना सोयाबीन आणि सरकीच्या तेलाचा. फाटकातून आत शिरताच काळ्या ग्रॅनाइटची पाटी लागते. तीवर उद्घाटकांची चार नावं, प्रत्येकाच्या मागेपुढे उपाध्या, आणि तळाशी सोनेरी अक्षरांत यंत्राचं वर्णन. यंत्र पाटीच्या मागे आहे. ते पाटीपेक्षा लहान असल्याने बाहेरून दिसत नाही. त्याचं काम मात्र चांगलं आहे. तेल तापवायला वाफ लागते. काम झालं की त्या वाफेचं कढत पाणी होतं. ते गटारात न सोडता परत बॉयलरला दिलं, की तेवढा कोळसा वाचतो. पाटीवर लिहिलं होतं की पाणी ऐंशी अंशांवर परत येते.

मालकांना सगळे विलासभाऊ म्हणतात. त्यांच्या खुर्चीमागे उष्णता बचतीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. त्यावरची सही ओळखायला मला चष्मा लागला नाही. ती माझीच होती. गेल्या वर्षी पुण्यातल्या टेबलावर नोंदवहीच्या प्रती आल्या, आकडे नीट होते, मी सही केली. नेर मी आज पहिल्यांदा पाहत होतो.

"कोळसा राजूरकडून येते," विलासभाऊ म्हणाले. "ट्रक पह्यलेइतकेच लागून राह्यले. वहीत तं ऐंशी डिग्री हाय. पानी गरम येते, मंग कोळसा जाते कुठं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी दार लोटून घेतलं. "बॉयलरवर करीमभाई हाय. अठरा वर्षं झाले. बोलाची बी लाज वाटते मले. पन तुमी लिवून द्या, कोळसा बाहेर इकल्या जाते म्हनून. मी त्याले उद्याच घरी बसवतो."

वही घेऊन मी बॉयलरकडे निघालो. वाटेत चाळली. दर तासाला ऐंशी. भर उन्हाळ्यात ऐंशी, थंडीत ऐंशी. दिवाळीचे चार दिवस बॉयलर बंद होता, असं समासात लिहिलेलं होतं, आणि त्या चार दिवसांतही पाणी ऐंशी अंशांवर परत येत होतं. ही पानं गेल्या वर्षी माझ्या हातून गेली होती.

करीमभाई पन्नाशी उलटलेले, सडपातळ, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण. त्यांनी स्टूल पुसून दिलं. मी आधी तापमापक पाहायला गेलो. नळीवर ताटलीएवढी गोल तबकडी होती आणि तिच्या काचेवर कुंकवाचा जाड थर. त्याच्यावर हळदीचं बोट, त्याच्यावर पुन्हा कुंकू. सुई दिसणं शक्यच नव्हतं. मी रुमाल काढला तसा त्यांनी माझा हात धरला.

"थांबा साहेब. पूजेचं हाय."

"पण सुईच दिसत नाही."

"कशी दिसन? उद्घाटनाले लावलं, मंग दसऱ्याले मशीनची पूजा झाली, तवा पुन्हा लावलं."

"मग पुसलं काहून नाही?" मी नकळत त्यांच्या बोलीत विचारलं.

ते हसले नाहीत. "म्या? म्या, करीमनं, पूजेचं कुंकू पुसावं? आपलं गाव चांगलं हाय, साहेब. चांगलं हाय म्हनूनच त्याले निमित्त देऊ नये. इलेक्ट्रिशियनले दोनदा म्हटलं. थो म्हने, देवाचं हाय, राहू द्या."

"मग ऐंशी कुठून आलं?"

"पाटीवरून. सुपरवायझर म्हने, जे पाटीवर हाय थेच येत असन. लिवा."

त्यांनी मला बॉयलरच्या पाणीपातळीच्या काचेसमोर उभं केलं. पाणी स्थिर होतं. "थे वापस येनारं पानी घेतलं की हे नाचते," ते म्हणाले. मग एक स्टीलची ताटली घेतली, परतीच्या नळीची तोटी जराशी सोडली आणि ताटली दाराशी उन्हात धरली. पाण्यावर तेलाचा पातळ रंगीत पापुद्रा तरंगत होता.

मला कळायला वेळ लागला नाही. तेल तापवणाऱ्या नळीला कुठेतरी बारीक छिद्र होतं. वाफ बंद झाली की आत पोकळी होते आणि तेल ओढलं जातं. तेच पाणी बॉयलरला गेलं तर नळ्यांवर तेलाचा लेप बसतो, त्या तापून लाल होतात आणि एक दिवस फुटतात. भिंतीपलीकडे सात-आठ बाया पोती शिवत बसल्या होत्या. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"म्हणून तुम्ही ते गटारात सोडता?"

"वर्षाच्या वर झालं. सुपरवायझरले सांगतलतं. थो म्हने, सर्टिफिकेट येऊ द्या, मंग पाहू. सर्टिफिकेट आलं. थो गेला अमरावतीले दुसऱ्या नोकरीवर."

कोळसा कुठे जात होता हे आता स्पष्ट होतं. तो थंड पाणी नव्याने तापवण्यात जात होता. पण हे सिद्ध करायचं म्हणजे वही खोटी ठरवायची, आणि वहीवर दर तासाला करीमभाईंची सही होती.

"हे मला लिहावं लागेल," मी म्हणालो.

"बॉयलर चालवाचं लायसन जाईन?"

"जाऊ शकतं."

त्यांनी ताटलीतलं पाणी गटारात ओतलं आणि ताटली पालथी ठेवली. "नाही लिवलं तं चोर ठरतो. लिवलं तं खोटा ठरतो." मग पोती शिवणाऱ्या बायांचं बोलणं येत होतं त्या भिंतीकडे पाहिलं. "खोटा लिवा. थे खरं हाय."

विलासभाऊंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बूट काढले, नळीला हात जोडले आणि स्वतःच्या रुमालाने कुंकू पुसलं. सुई अडतिसावर होती. पाणी आधीच गटाराकडे वळत असल्याने नळी जवळजवळ थंडच होती.

"करीमभाई, मले सांगतलं काहून नाही?"

"सांगाले आलतो, भाऊ. तुमी पंधरा दिवस सर्टिफिकेटच्या सत्काराइतच होते. मंग गोष्ट शिळी झाली, अन् वही मोठी झाली."

आता मलाही बोलणं भाग होतं. "प्रमाणपत्रावरची सही माझी आहे. मी इथे न येता केली."

विलासभाऊंनी माझ्याकडे, मग माझ्या शर्टावरच्या डागाकडे पाहिलं. "म्हंजे तुमी बी ऐंशीच लिवलं."

"हो."

विलासभाऊंच्याच टेबलाशी बसून अहवाल लिहिला. नळीला छिद्र आहे. कोळसा चोरीला गेलेला नाही. वहीतल्या नोंदी तापमापक पाहून केलेल्या नाहीत. परतीचं पाणी बॉयलरमनने थांबवलं नसतं तर अपघात झाला असता. त्या नोंदींवर मी दिलेलं प्रमाणपत्र मी मागे घेत आहे. विलासभाऊंनी तो दोनदा वाचला, पोच दिली, आणि फ्रेम खिळ्यावरून स्वतः उतरवली. करीमभाई राहतील की जातील, ते ठरलं नाही. मला सोडायला गाडी आली नाही. करीमभाईंनीच मोटरसायकलवर स्टँडपर्यंत पोचवलं.

"घरी काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगन, चोर नाही निघालो. बाकीचं जेवल्यावर."

पुण्याला परतलो. पुढचे दहा-बारा दिवस कुठल्याही कारखान्याची वही उघडली की आधी सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी तपासत होतो. या व्यवसायात आकडा नीट असणं हाच मी आयुष्यभर आकडा खरा असल्याचा पुरावा मानत आलो होतो.

मग एका दुपारी करीमभाईंचा निरोप आला. लायसन्सची चौकशी चालू आहे, काय होईल ते माहीत नाही. नळी बदलली. सोबत वहीच्या नव्या पानाचा फोटो होता. नोंदी त्यांच्याच अक्षरात, पानाच्या शेवटी विलासभाऊंची सही. एकाहत्तर. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. एकोणसत्तर. ऐंशी कुठेच नव्हतं. एक वाजताच्या रकान्यात आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, "जेवत होतो. पाह्यलं नाही."

इतक्या वर्षांत कारखान्याच्या वहीत असं वाक्य मी कधी वाचलं नव्हतं. खाली त्यांनी विचारलं होतं, आता सही कराल काय? मी कळवलं, आल्यावर करतो, आणि बडनेऱ्याचं तिकीट काढलं.