एका स्क्रूपुरता ड्रायव्हर

मुनीर शिकलगार स्वतःची ओळख करून देताना आधी मिरज सांगतात, मग नाव. मी सांगलीची. त्यामुळे दुबईत अल मनखूलच्या आमच्या इमारतीत पहिली भेट झाली ती भांडणानेच. ते भाभींसह वरच्या मजल्यावर राहतात. वयाने माझ्या दुप्पट आहेत. तरी ते माझे मित्र आहेत.

शिकलगार म्हणजे हत्यारं घासून-पुसून धार लावणारे. मिरजेतल्या काही शिकलगारांनी पुढे तंतुवाद्यं घडवायला घेतली. मुनीरभाईंच्या घरात तंबोरे व्हायचे. शारजाच्या एका परवानाधारक वर्कशॉपमध्ये ते जुन्या बंदुकांच्या लाकडाला पॉलिश करायचे. फक्त लाकडाला. लोखंडाला हात लावायचा नाही, हा मालक फहद यांचा दंडक होता.

"नाव शिकलगार आणि काम काय, तर वॉर्निश!" ते चिडून म्हणायचे. "सांगलीकराला शोभलं असतं."

मार्चमध्ये एका अमिराती आजोबांनी वडिलांची बंदूक आणली. नातवाचं लग्न होतं. इथे लग्नात पुरुष बंदुका फिरवत, उंच उडवत नाचतात. ही बंदूक कित्येक वर्षांत झाडलेली नव्हती, पण तिचा मान मोठा. दस्त्याला चीर गेली होती. ती सांधायची तर आधी एक स्क्रू काढायला हवा होता. त्याच्या माथ्यावर बारीक वेल कोरलेली होती. स्क्रू गंजून घट्ट बसला होता. लोखंडकाम करणारा कारागीर रजेवर होता आणि परदेशातून मागवलेली खास हत्यारं लग्नानंतर येणार होती.

मुनीरभाईंनी ते काम मागून घेतलं.

"डिझाइन को खरोच आया तो खलास," फहद म्हणाले. "फिर हमेशा पॉलिश."

"नहीं आएगा."

"इन्शाल्ला?"

"इन्शाल्ला भी, और पक्का भी."

शनिवारी मला सुट्टी होती. मुनीरभाई म्हणाले, चल, हत्यारं आणू. मला वाटलं, काचेची कपाटं असलेलं एखादं दुकान असेल. त्यांनी गाडी स्वस्त चिनी मालाच्या ड्रॅगन मार्टला लावली. दोन स्वस्त स्क्रू ड्रायव्हर घेतले आणि बुचाचा एक पातळ तुकडा.

"एवढंच?"

"एवढंच. बी.ए.ला वाटतं, महाग तेच खरं."

"एम.ए.," मी म्हटलं.

"मग तर अवघडच."

वर्कशॉपमध्ये त्यांनी मला ड्रायव्हरचं टोक दाखवलं. ते पाचरीसारखं निमुळतं होतं. असं टोक जोर लावला की वर सरकतं आणि खाच फाडतं. बंदुकीच्या स्क्रूला सरळ कडांचं, खाच पूर्ण भरणारं टोक लागतं. ते विकत मिळतं. नाहीतर घडवायचं.

पहिला ड्रायव्हर त्यांनी फिरत्या सहाणेवर धरला. ठिणग्या उडाल्या. टोक निळं पडलं.

"पाणी गेलं," ते म्हणाले. "तापलं. आता हे नरम."

फहद दारात उभे होते. मुनीरभाईंनी तो बाजूला टाकला. आता एकच ड्रायव्हर उरला होता.

तो त्यांनी हाताने कानसला. थोडं घासायचं, खाचेत बसवायचं, उजेडात बघायचं, पुन्हा घासायचं. सूर खुलावा म्हणून तंबोऱ्याची घोडी घासून जवारी लावतात तसं. घाई नाही. दुपार सरली. शेवटी टोक खाचेत बसलं, तेव्हा बाजूने उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

व्हाइसच्या, म्हणजे शिकंज्याच्या, जबड्यांना बूच लावून त्यांनी बंदूक धरली. स्क्रूवर आदल्या दिवसापासून तेल सोडलेलं होतं. भोकं पाडायच्या उभ्या मशीनचा प्लग काढून तिच्या तोंडात मूठ काढलेला ड्रायव्हर अडकवला. एका हाताने मशीनचा दांडा खाली दाबून धरला, म्हणजे टोक वर सरकणार नाही. दुसऱ्या हाताने मशीनचं तोंड हळूच फिरवलं.

काहीच हललं नाही.

"यल्ला, चल बाबा," ते पुटपुटले. मला की स्क्रूला, कळलं नाही.

मग बारीक कर्र आवाज आला. स्क्रू फिरला.

फहद यांनी तो तळहातावर घेतला, भिंगाखाली धरला. वेल शाबूत होती. एक पानही घासलं गेलं नव्हतं.

"वल्लाह, मुनीर," ते म्हणाले. नुसतंच तेवढं. मग आत गेले.

मी साहित्य शिकले आहे. तरी मला बोलायला शब्द सुचेना. मुनीरभाईंना मात्र सुचत होते. "बघितलंस? मिरज आहे ही. लिहून ठेव. सांगलीत वाचून दाखव."

फहद परतले ते दुसरी बंदूक घेऊनच. ती त्यांनी पॉलिशच्या टेबलावर न ठेवता सरळ मुनीरभाईंच्या हातात दिली.

"ये भी खोलो. लकडी, लोहा, सब तुम्हारा."

मुनीरभाईंनी तिचा स्क्रू बघितला. ताजा ड्रायव्हर त्याच्या खाचेत टेकवला. तो बसला नाही; याच्यासाठी नवं टोक घडवावं लागणार होतं. त्यांचा चेहरा खुलला.

"तू बसने घरी जा," ते मला म्हणाले. "आणि भाभीला सांग, मला उशीर होईल. का होईल, तेही नीट सांग."

मी नीट सांगितलं.