काविळीची माळ

२०१२ साल होतं आणि मी चौसष्ट वर्षांचा होतो. त्यातली पन्नास वर्षं गुऱ्हाळाच्या काहिलीसमोर गेलेली. शाळा चौथीपर्यंत. पण उसाचा रस उकळताना बुडबुडे कसे फुटतात, रंग कधी फिरतो आणि काहील चुलवाणावरून कोणत्या घटकेला उतरवायची, हे मला विचारायला चार गावांतली माणसं यायची. एकदा एक साहेब उष्णता मोजायची काचेची नळी घेऊन आले. मी म्हटलं, "सायेब, ती तुमच्या काखंत घाला. मला डोळं हाईत." सगळं गुऱ्हाळ हसलं. मीही हसलो.

माझी नात तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. सुगीत माझी भाकरी घेऊन ती गुऱ्हाळावर यायची. ती दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. आमच्याकडच्या पोरी पोरांसारखं 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, तशीच ही. "आबा, मी आलो! काकवी द्या!" तळहातावर गरम काकवी घ्यायची, फुंकर मारायची, पोळलं तरी हसायची.

त्या पावसाळ्यात तो आवाज बंद झाला.

आधी झोप गेली, मग जेवण. मग शाळेच्या निम्म्या वाटेवरून माघारी यायला लागली. म्हणायची, छातीत धडधडतंय, हात गार पडल्यात, सगळी माझ्याकडंच बघत्यात. मी म्हणालो, "नखरं हाईत. चार दिस म्हशीमागं धाडा, सरळ हुईल." बायकोने मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. एके दिवशी दुपारी कडबा काढायला गोठ्यामागच्या छपरात गेलो, तर ही गणवेशात, दप्तर मांडीवर घेऊन गंजीला टेकून बसलेली. रोज शाळेला म्हणून निघायची आणि शाळा सुटेपर्यंत तिथं बसायची. आठ दिवस झाले होते. डबा उघडलेला नव्हता. मला बघून ती दचकली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, "आबा, मला जमंना झालंय."

मी तिच्यावर ओरडलो. तिने ते वाक्य मला विश्वासाने सांगितलं होतं आणि मी ओरडलो. हे लिहायला बसलो तेव्हा पहिलं हेच लिहायचं ठरवलं होतं, पण हात धजेना. म्हणून आधी काकवीचं लिहिलं.

मुलगा फौंड्रीत कामाला. त्याने एक खाडा केला आणि पोरीला कोल्हापुरात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी सोबत गेलो, कारण घरात माझ्याशिवाय काही ठरत नव्हतं. बाई माझ्या सुनेच्या वयाच्या. पोरीशी बोलल्या, मग आम्हाला म्हणाल्या, "आजोबा, हा आजार या वयात सुरू होतो, पुष्कळ मुलांना होतो. तुम्ही लवकर आलात हे फार चांगलं केलंत. गोळ्या वर्षभर तरी चालू ठेवायच्या, दर पंधरा दिवसांनी तिला माझ्याशी बोलायला आणायचं. आणि ती बरी दिसायला लागली म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत."

मी मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. भिंतीकडे तोंड करून बसलो, कुणी ओळखू नये म्हणून. पण डोक्याला पटका बांधलेला माणूस पाठीवरूनही ओळखतात. आमच्याच गावच्या खालच्या आळीतला एक शेतकरी खांद्यावर वर्षाची पोर घेऊन उभा. खालच्या मजल्यावर लहान मुलांचा दवाखाना होता, तिकडे तापाचं औषध न्यायला आलेला. जिना चुकून वर आला होता.

"आबा? तुमी हितं कुणीकडं?"

"नातीला कावीळ झालीया," मी म्हणालो.

मी विचार करून बोललो नाही. तोंडातून गेलं. पण एकदा गेल्यावर मागे घेण्यातला मी नव्हतो.

आम्ही बसने घरी पोचायच्या आत कावीळ गावात पोचली होती. संध्याकाळी शेजारीण उसाच्या रसाची घागर घेऊन आली. दुसऱ्या दिवशी फुटाणे आले, मुळ्याचा पाला आला. सुनेला आमटीचं तेल बंद करावं लागलं. जी पोर आधीच जेवत नव्हती, तिच्यापुढे आम्ही बिनतेलाचं, बिनतिखटाचं ताट ठेवत होतो. गोळ्या मी जुन्या काकवीच्या बरणीत लपवल्या होत्या. मग शाहूवाडीकडच्या आमच्या पाहुण्यांनी काविळीची माळ घालणारी म्हातारीच आणली. कसल्याशा झाडाच्या बारीक काड्या दोऱ्यात ओवून तिने केलेलं कडं पोरीच्या डोक्यावर बसवलं. ही माळ रोज वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, तसतशी कावीळ उतरते म्हणतात. काड्या वाळतात आणि दोरा ढिला पडतो, एवढंच असतं ते. मला माहीत होतं. तरी मी म्हातारीला नारळ आणि लुगडं दिलं.

पंधरा दिवसांनी पोर आरशासमोर उभी होती. माळ गळ्यात उतरली होती. मला म्हणाली, "आबा, माळ वाढाय लागलीया. मग मी बरा झालो म्हणायचं काय?"

ती हसली होती. किती दिवसांनी! मला वाटलं, थट्टा करते आहे. पुढे कळलं, ती खरंच विचारत होती.

आता कावीळ कशी असते बघा. तिला मुदत असते. दोन महिने झाले, दिवाळी आली, तशी माणसं विचारायला लागली. "कावीळ गेली न्हवं? मग पोरगी अजून घरात का?" शाळेतून निरोप आला. तोवर गोळ्यांनी गुण दिला होता. ती जेवत होती, झोपत होती, पाडव्याला म्हशीच्या शिंगांना रंग लावताना गाणं गुणगुणली. मी तिच्याकडे बघितलं आणि काहिलीकडे बघून सांगावं तसं सांगितलं, "झालं. उतरवा."

सून म्हणाली, "मामंजी, डॉक्टरीणबाईंनी वरीसभर सांगितलंय."

"मला रंग वळकाय शिकवू नगंस."

बरणीतल्या उरलेल्या गोळ्या मी स्वतः चुलवाणात टाकल्या. डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंही बंद केलं. कच्ची काहील उतरवली तर ढेप धरत नाही, पावसाळ्यात पाझरते, हे चार गावांना शिकवणारा माणूस मी.

महिनाभर बरं गेलं. मग पुन्हा तेच, पण आता ती सांगत नव्हती. शाळेला जायची, रेटायची, नववी कशीबशी ढकलली. मला वाटायचं, बघा, माझं खरं झालं. दहावीच्या पहिल्या पेपराला सकाळी तिची आई उठवायला गेली, तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. अंगावर गणवेश होता. आदल्या दिवशी संध्याकाळीच घालून झोपली होती, म्हणजे सकाळी निदान तेवढं तरी जमेल म्हणून. ती उठली नाही. पुढची दोन वर्षं ती त्या खोलीतच होती. त्या दोन वर्षांवर मला लिहिता येत नाही. गावाला सांगितलं, कावीळ उलटली.

शेवटी मुलाने मला न विचारता तिला पुन्हा त्याच बाईंकडे नेलं. जन्मात पहिल्यांदा त्याने मला विचारलं नाही. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही आणि नवव्या दिवशी बसभाड्याचे पैसे त्याच्या उशाशी ठेवले.

पोर वर आली, पण सावकाश. एकोणिसाव्या वर्षी बाहेरून दहावी, बावीस होता होता बारावी. तिच्या वर्गातली एक तोवर परिचारिका झाली होती, एक पुण्याला कॉम्प्युटरवर, एकीची पोरं अंगणवाडीत. आमची आता गावच्या दूध संस्थेत फॅट तपासते. काम चोख. कुणाच्या दुधात पाणी असेल तर ते तोंडावर सांगते, सरपंच असला तरी. पण कुणी मागून मोठ्याने हाक मारली की अजून ती हातातलं माप आधी खाली ठेवते, मगच वळते. आणि बारशाला-लग्नाला गेली की बायका तिच्या ताटात भजी वाढत नाहीत. "तिला सोसत न्हाई, काविळीची हाय ती." ती आमटीभात जेवून उठते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी शहात्तर. आता उभं राहवत नाही, पण काहील उतरवायची वेळ अजून मीच सांगतो; खुर्ची टाकून देतात. तिथं खालच्या आळीतला तोच शेतकरी आला. तोंड उतरलेलं. जवळ बसला.

"आबा, एक पत्त्या पायजे हुता. तुमच्या नातीला माळ कुणी घातलीती?"

"का रं?"

"आमची थोरली. तेरावं लागलंय. खाईना, शाळंला जाईना, भितीकडं त्वांड करून पडती. रगात तपासलं, डॉक्टर म्हनतोय कावीळ न्हाई. त्याला काय कळतंय? तुमच्या पोरीचं हुबेहूब असंच हुतं की! आमी समद्यांनी बगितलंय न्हवं."

म्हणजे काविळीत माणूस कसं दिसतं हे मी अख्ख्या गावाला शिकवलं होतं. ती खांद्यावरची तापलेली पोर मला आठवली. आता तिच्यासाठी हा बाप माळ शोधत होता.

काहिलीत बुडबुडे बारीक झाले होते. माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "म्हातारी तवाच मेली असंल. बघून सांगतो." तो हात जोडून गेला. मी "उतरवा" म्हणालो ते जरा उशिराच.

संध्याकाळी दुधाचं माप आटपून नात घरी आली. तिला रस्त्यातच कळलं होतं; त्याने तिलाही विचारलं होतं. चपला काढायच्या आधी म्हणाली, "आबा, सांगितलं न्हाई तुमी."

"काय सांगायचं?"

"ते तुमास्नी ठावं हाय."

मी म्हणालो, "राधानगरीकडनं तुला जागा आलीया. पोरगा चांगला हाय. ह्या आठवड्यात बघाय येत्यात. आता ह्यो इषय काढायचा व्हय? तुझं नाव जाईल."

"नाव माझं हाय न्हवं? मग मी बघतो."

"लई शानी झालीस."

"तुमच्यावर गेलोय." सून चुलीपाशी हसली. मग पोर माझ्याजवळ जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, गुडघ्याला टेकून. "आबा, माज्या मैत्रिणी फुडं गेल्या, त्येचं मला काय न्हाई. पर तुमी माज्या आजाराचं नाव बदललंसा. मला वाटलं, मला असं काय तरी झालंय की आबासारख्या मानसाला बी त्येचं नाव घ्यायचं भ्या वाटतंय. मग मी बी कुणाला सांगितलं न्हाई. दहावीच्या सकाळी बी न्हाई. ती पोरगी आता भितीकडं त्वांड करून पडलीया. तिला माळ घालनार हाईत, आबा."

मला भीती वाटते असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी काहीतरी उलट बोलायला तोंड उघडलं. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, दुधाचा वास येत होता. मी म्हणालो, "जेव आदी. आनि ए, हिला भजी कर गं चार." सून म्हणाली, "आत्ता?" मी म्हणालो, "आत्ता." तिने केली. पोरीने खाल्ली, दोन मलाही दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, पटका बांधला. गुऱ्हाळावरून बोलवायला माणूस आला, पहिली काहील चढली होती. मी म्हटलं, "तुमची तुमी उतरवा." नात दूध संस्थेतून सकाळचं माप उरकून आली, तिच्या हातात डॉक्टरीणबाईंची जुनी फाईल. काठी टेकत तिच्यासोबत खालच्या आळीला गेलो. शेतकरी दारातच दात घासत होता. म्हणाला, "या, या. पत्त्या गावला?"

मी म्हणालो, "गावला. पर कावीळ न्हवती रं ती. माझ्या नातीचं मन आजारी हुतं, आनि मी गावाला खोटं सांगितलं. तिची सहा वर्सं मी खाल्ली. तुज्या पोरीची जाऊ देऊ नगंस. कापडं घाल, बस धा वाजता हाय."

तो काही बोलायच्या आत माझी नात आत गेली. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या पोरीच्या मागे, गोधडीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "उठू नगंस. मी नुसता बसतो हितं."

मी उंबऱ्यावर बसून बसची वाट बघितली.