भुवयांचा होकार

राजाजीनगरला आमच्या समोरच्या घरातली कानडी मुलगी दूर अलास्कात, टुंड्रातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. शाळेला सुट्टी लागली की घरी येते. काहीही विचारलं तरी ती चटकन उत्तर देत नाही. "स्वल्प थांबा, अक्का," म्हणते आणि खरोखरच थांबते. मला तो शिष्टपणा वाटायचा.

यंदा पक्षाघाताच्या झटक्याने तिच्या वडिलांची, अप्पांची वाचा गेली होती. आम्ही शेजारीपाजारी "बोला ना, बोला" म्हणून त्यांना बेजार करायचो आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. ती आली ती त्यांच्याजवळ बसली. "अप्पा, माझ्या वर्गातली मुलं 'हो' म्हणायला नुसत्या भुवया उचलतात. चहा देऊ?"

मी मध्ये बोलणार तोच तिने माझा हात दाबला. बऱ्याच वेळाने अप्पांच्या भुवया वर गेल्या.

शाळा उघडायची वेळ आली तेव्हा तिने माझ्यादेखतच विचारलं, "अप्पा, जाऊ का मी?"

अप्पांनी तिचं मनगट घट्ट धरलं. ती उत्तराची वाट पाहत राहिली. शेवटी त्यांनी भुवया उचलल्या, पण मनगट सोडलं नाही.

"सरी, बरं अप्पा," ती म्हणाली आणि तशीच बसून राहिली.